पंचनाम्यात न येणारे नुकसान



पूर ओसरला की महसूल, ग्रामपंचायत आणि शेती अशा तिन्ही खात्यांची माणसे पंचनाम्याला येतात. घर किती पडले, जनावरे किती दगावली, ऊस किती आडवा झाला, जमीन किती खरवडून गेली, विहीर गाळाने बुजली का, हे सारे कागदावर उतरते. भरपाई थोडी मिळते, उशिरा मिळते, त्यावर आपण सभेत चार शब्द बोलतोही. पण त्या कागदात एक रकाना नसतो. घरधन्याला रात्री झोप लागते का, घरच्या माउलीला घास गोड लागतो का, पोर शाळेत जायला भिते का, हे कोणी विचारत नाही. विचारले तरी उत्तर ठरलेले असते, "बरं आहे."

या न विचारलेल्या गोष्टीविषयीच आम्ही आज लिहीत आहोत. पाण्याचा लोंढा काही तासांचा असतो, भूकंपाचा हादरा तर काही सेकंदांचा. मनावरचा त्याचा घाव मात्र वर्ष, दोन वर्षे, कोणाच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षेही ओला राहतो. तो ओळखता आला तर पुष्कळ दुःख टळते, आणि कधी कधी एखादा जीवही वाचतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आपत्तीनंतर मन दुखावणे हा दुबळेपणा नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. हे दुखणे बहुधा मदत संपल्यानंतर वर येते. आणि ते बरे होते. त्याला शेजार लागतो, हाताला काम लागते आणि काही जणांना वेळेवर डॉक्टर लागतो.

आपल्याशी याचा संबंध काय?

आपले बेलापूर प्रवरेच्या काठावरचे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांना पाणी आले आणि या भागात ऊस उभा राहिला. ज्या नदीने आपल्याला ऊस दिला तिचा दुसरा अवतारही आपल्याला ठाऊक आहे. भंडारदरा आणि निळवंडे भरले, ओझरच्या बंधाऱ्यावरून पाणी सुटले, की काठावरचे सभासद मोटारी वर काढायला धावतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडे, आणि पलीकडे बीड, धाराशिव, सोलापूर या जिल्ह्यांत अतिवृष्टीने हाहाकार केला. उभी पिके गेली, गोठ्यातली जनावरे दावणीलाच मेली, काही ठिकाणी शेतातली मातीच वाहून खाली खडक उघडा पडला. याच पाथर्डी-बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या फडात येतात. म्हणजे ज्यांच्या घरात पाणी शिरले ती माणसे आपल्या बांधावर कोपी घालून राहतात. तेव्हा हा विषय लांबचा नाही, तो आपल्या शिवारात आलेला आहे.

किल्लारीने काय शिकवले?

महाराष्ट्राला या विषयाचा सर्वांत मोठा धडा किल्लारीने दिला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक थकून झोपले होते. घरे दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचे माळवद. ती घरे झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर जिल्ह्याचा औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याचा उमरगा तालुका यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे, जखमी सुमारे १६,०००. किल्लारीलाही नीलकंठेश्वर नावाचा सहकारी साखर कारखाना. म्हणजे गेलेल्यांत आणि वाचलेल्यांत आपल्यासारखेच ऊसवाले सभासद होते.

मदत प्रचंड आली. लष्कर आले, स्वयंसेवी संस्था आल्या, देशभरातून धान्य-कपड्यांचे ट्रक आले. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि ती ५२ गावे नव्या जागी नव्याने वसवली गेली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. हे सारे नोंदले गेले आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटावी.

पण मनाचे काय झाले? भूकंपानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरांनी त्या भागातल्या ४२ प्रौढ माणसांची नीट तपासणी केली. निम्म्याहून अधिक जणांना मनाचा काही ना काही आजार आढळला. त्यांत मुख्य दोन होते, एक आघातानंतरचा ताणाचा विकार आणि दुसरे नैराश्य. पुरुषांपेक्षा बायांमध्ये हे प्रमाण जास्त होते. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत खास केंद्र काढून भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास काही वर्षे चालवला. 'घाशीराम कोतवाल' नाटकातले नाना फडणवीस म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे या कामात पुढे होते. भूकंपाचा हिशेब आठ-पंधरा दिवसांत पुरा होत नाही, मनाकडे वर्षानुवर्षे पाहावे लागते, हे आपल्याकडे तेथून ठळकपणे मान्य झाले.

किती वर्षे? एक परदेशी दाखला पाहा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीक नावाचे खोरे आहे. फेब्रुवारी १९७२ मध्ये तेथे कोळसा खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला. आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात हाहाकार झाला, तशातला प्रकार. खोऱ्यातली १२५ माणसे गेली. वाचलेल्यांना डॉक्टरांनी दोन वर्षांनी तपासले तेव्हा शंभरात ४४ जणांना आघाताचा विकार होता. त्याच माणसांना १९८६ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, पुन्हा तपासले तेव्हा तो शंभरात २८ जणांना होता. यातून दोन्ही गोष्टी समजून घ्याव्यात. बरीच माणसे काळाने सावरतात, हे खरे. पण काळाने सगळेच सावरत नाहीत, हेही तितकेच खरे.

मन असे का वागते?

शेताची राखण करणारे कुत्रे एकदा चोराने मारले, की पुढे पान पडले तरी भुंकते. मनातही एक राखणदार असतो. जीवावर बेतले की तो अंगात सारी ताकद गोळा करतो. छाती धडधडते, घाम फुटतो, पाय पळू लागतात. म्हणून तर माणूस वाचतो. पण मोठ्या आघातानंतर हा राखणदार पुन्हा शांत बसायला तयार होत नाही. पत्र्यावर पावसाचा आवाज झाला, ट्रॅक्टर गेल्याने भिंत थरथरली, रात्री कोणी हाक मारली, की अंग तेव्हासारखेच उसळते. डोळ्यासमोर तेच चित्र उभे राहते. त्या रात्रीचा तो क्षण 'होऊन गेला' असे अंगाला पटतच नाही.

आघातानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत असे जवळजवळ प्रत्येकाला होते. त्याला आजार म्हणू नये. झोप नाही, रडू येते, भूक नाही, हे सारे त्या दिवसांत स्वाभाविक आहे. मात्र महिना उलटला तरी कमी होण्याऐवजी वाढत गेले, आणि माणसाचे रोजचे काम थांबले, तर मग ते आजाराकडे झुकले असे समजावे.

दुसरी गोष्ट काळाची. आपत्तीनंतरचे पहिले दिवस माणूस धावपळीत असतो. सारे गाव एक होते, एका चुलीवर जेवते. मंत्री येतात, पत्रकार येतात, आपण एकटे नाही असे वाटते. मग हळूहळू गाड्या यायच्या थांबतात. भरपाईसाठी हेलपाटे सुरू होतात. कोणाला मिळाली, कोणाला नाही, यावरून भाऊबंदकी जागी होते. सोसायटीचे कर्ज तसेच असते. सहा महिन्यांनी, वर्षाने, माणूस पहिल्यांदा निवांत बसतो, आणि काय गेले ते त्याला तेव्हा खरे कळते. मन खचायची वेळ बहुधा हीच असते, आणि नेमके त्याच वेळी आजूबाजूला कोणी नसते.

ऊसवाल्याला हे लवकर समजेल. फडात चार-आठ दिवस पाणी तुंबले तरी ऊस वरून हिरवा दिसतो. पाणी निघून गेल्यावर आपण म्हणतो, वाचला. पण खाली हवा न मिळाल्याने मुळ्या कुजलेल्या असतात. पाने पिवळी पडायला लागतात ती पुढे. माणसाचेही असेच असते.

घरात ते कसे दिसते?

"मला नैराश्य आले आहे" असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. दुखणे दुसरीच भाषा बोलते.

बायांचे दुखणे बहुधा अंगातून बोलते. डोके धरते, अंग मोडून येते, छातीत धडधडते, हातापायाची आग होते. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. एक सलाईन होते, एक इंजेक्शन होते, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मग कोणी म्हणते बाहेरचे आहे, आणि देवऋषाकडे वारी सुरू होते.

पुरुष रडत नाही. तो चिडतो, पोराबाळांवर हात टाकतो, नाहीतर गप्प होतो. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. फडाकडे जावेसे वाटत नाही. झोप यावी म्हणून संध्याकाळी एक घोट घेतो आणि मग घोटाची बाटली होते. आपत्तीनंतर हाती आलेला पैसा गुत्त्यावर जाताना आपण पाहतो आणि त्या माणसाला नावे ठेवतो. पण पुष्कळदा तो न येणाऱ्या झोपेवर आपल्या परीने औषध करत असतो. औषध चुकीचे असते, आजार खरा असतो.

लहान मूल आईचा पदर सोडत नाही. मोठे झालेले पोर पुन्हा अंथरूण ओले करू लागते. खेळातसुद्धा घर पाडण्याचा, पूर आणण्याचा खेळ खेळते. शाळेत लक्ष लागत नाही, म्हणून गुरुजींचा मार खाते. म्हातारी माणसे जेवण कमी करतात आणि "आता आम्हाला राहून काय करायचं" असे म्हणू लागतात. हे बोलणे वयाचे म्हणून सोडून देऊ नये.

याशिवाय एक टोचणी असते. "मी वाचलो, माझी माणसे का गेली?" राखणीला शेतावर झोपायला गेलेला वाचतो, घरात झोपलेले जातात. असा माणूस वर्षानुवर्षे स्वतःलाच आरोपी करून ठेवतो. त्यात किल्लारीत इतके मृतदेह होते की सामूहिक दहन करावे लागले. आपल्या माणसाला नीट निरोप देणेही अनेकांच्या वाट्याला आले नाही. पुरात वाहून गेलेले माणूस सापडलेच नाही, तर घरच्यांचे दारच उघडे राहते. दहावे-तेरावे हा नुसता रिवाज नाही, मनाला "गेला" हे पटवून देणारी ती वाट आहे. ती चुकली तर दुःख अडून राहते.

आणि वर्षाचा दिवस. आपत्तीची तारीख जवळ आली की बरा झालेला माणूसही अस्वस्थ होतो. किल्लारीकरांच्या वाट्याला तर असे दोन दिवस येतात. तारखेने ३० सप्टेंबर, आणि तिथीने अनंत चतुर्दशी. इतर गावांत विसर्जनाचे ढोल वाजतात तेव्हा त्या भागातल्या जुन्या माणसाच्या मनात काय वाजत असेल, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तेथे मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते, ती याच कारणाने फार मोलाची आहे. दुःखाला वर्षातून एक दिवस चारचौघांत जागा मिळाली, तर ते बाकीच्या दिवसांत थोडे कमी टोचते.

घर मिळाले, पण आळी?

किल्लारीच्या पुनर्वसनातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्या गावांत घरे भक्कम झाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले. पण जुन्या गावात एका बोळात चुलत-मावळत सारे शेजारी होते. ओट्यावर बसले की चार घरे बोलत असत. नव्या आखणीत घरे लांब-लांब, ओळीने, आणि कितीतरी ठिकाणी शेजारी नवा. काही जणांना काँक्रीटच्या छताखाली झोपवेना. त्यांनी पक्क्या घरात धान्य ठेवले आणि स्वतः शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. बाहेरचा पाहुणा म्हणे, एवढे घर दिले तरी यांना किंमत नाही. किंमत होती, पण भीती त्याहून मोठी होती.

जपानसारख्या पुढारलेल्या देशातही हेच झाले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात भूकंप झाला, ६,४०० हून अधिक माणसे गेली. तात्पुरती घरे देताना म्हाताऱ्या आणि अपंग लोकांना आधी, आणि तीही चिठ्ठ्या टाकून, अशी पद्धत ठेवली. हेतू चांगला होता. पण त्याने जुने शेजारी पांगले. मग त्या घरांत एकटी राहणारी माणसे मरून पडली तरी कोणाला पत्ता नाही, असे प्रकार घडू लागले. अशा मरणाला तिकडे वेगळा शब्दच आहे, एकाकी मरण. घर होते, अन्न होते, सरकारी मदत होती. हाक मारणारे कोणी नव्हते.

तात्पर्य काय? माणसाला आधार छपराचा लागतो तसाच आळीचा लागतो. पुनर्वसन करायचे तर आळीच्या आळी एकत्र हलवावी आणि घर कोठे, कसे हवे हे ज्याला राहायचे आहे त्याला विचारावे. स्वतःच्या घराबद्दल निर्णय घेताना माणूस पुन्हा माणसात येतो. नुसते हात पसरून घेत राहिला तर आतून मोडतो.

मग उपयोगी काय पडते?

पहिले म्हणजे काम. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. सुकडी मिळत होती, पण लोक जगले ते पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामांवर. खडी फोडून हाताला घट्टे पडले, पण संध्याकाळी हजेरी लागत होती आणि सोबत सारे गाव होते. कामाने पोट भरते, तसाच दिवसाला आकार येतो. आपत्तीनंतर माणसाला जितक्या लवकर त्याच्या नेहमीच्या कामाला लावता येईल तितके बरे. पूर आलेल्या सभासदाला बेणे, खत, गाळ उपसायला चार गडी मिळाले तर ती शेतीची मदत झाली आणि मनाचीही.

दुसरे म्हणजे बोलणे, पण वेळ पाहून. पूर्वी काही ठिकाणी असा समज होता की आघात झाला की लगेच माणसाला बसवून सारे वदवून घ्यावे. त्याने फायदा होत नाही, उलट काहींना त्रासच होतो, असे आता दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तसे करू नका असेच सांगते. हेही रानासारखेच आहे. वाफसा यायच्या आधी नांगर घातला तर ढेकळे निघतात. तेव्हा पहिले काम म्हणजे माणसाला सुरक्षित जागा, जेवण, पांघरूण द्यावे आणि त्याच्या माणसांची गाठ घालून द्यावी. जवळ बसावे. तो बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर नुसते बसावे. "जाऊ दे, विसर आता", "तुझ्यापेक्षा लोकांचं जास्त गेलं" असे म्हणू नये. त्याने दुःख कमी होत नाही, माणूस बोलायचा मात्र थांबतो.

तिसरे म्हणजे मुलांची शाळा लवकर सुरू करणे. ७ डिसेंबर १९८८ रोजी सोव्हिएत संघातल्या आर्मेनियात मोठा भूकंप झाला. दीड वर्षाने तेथल्या काही शाळांत मुलांना गटात बसवून भीतीबद्दल आणि गेलेल्या माणसांबद्दल बोलते केले. तीन वर्षांनी तपासले तेव्हा ही मुले, ज्यांना अशी मदत मिळाली नाही त्यांच्यापेक्षा चांगली सावरलेली आढळली. म्हणजे दीड वर्षाने केलेली मदतसुद्धा उशिराची नसते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

डॉक्टरकडे केव्हा जावे? काही नेहमीच्या शंका

झोप, भूक, कामाची इच्छा महिनाभर नाहीशी झाली, दारू वाढली, माणूस जीवनाला कंटाळल्याचे बोलू लागला, तर थांबू नये.

_मनाच्या डॉक्टरकडे गेले म्हणजे वेडा ठरतो का?_
नाही. मधुमेहाची गोळी घेणारा जसा आजारी, तसाच हा. आघाताच्या आजारात माणसाची बुद्धी शाबूत असते.

_गोळ्यांची सवय लागते का?_
झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या दुकानातून मनाने आणून घेऊ नयेत. नैराश्याच्या गोळ्या वेगळ्या. त्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने त्या घ्याव्या लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका, आणि बरे वाटले म्हणूनही मध्येच बंद करू नका.

_देवाधर्माचे केले तर चालेल का?_
खुशाल करा. भजन, हरिपाठ, वारी यांनी माणूस चार माणसांत येतो, हे चांगलेच आहे. पण त्यासाठी डॉक्टर थांबवू नका, आणि अंगारे-धुपारे करणाऱ्याने मारहाण, उपासमार सुरू केली तर तेथून माणसाला उठवून आणा.

_जीव देण्याबद्दल विचारले तर ते डोक्यात भरवल्यासारखे होते का?_
मुळीच नाही. "जीव नकोसा वाटतो का?" असे जवळच्याने शांतपणे विचारले तर माणसाचे ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे.

_जायचे कोठे?_
प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार मिळतात. याशिवाय भारत सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न पडता, मराठीत बोलता येते. हा क्रमांक घराच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लिहून ठेवावा.

आपल्याला काय करता येईल?

सहकाराचा जन्मच मुळी एकट्याला न झेपणारी गोष्ट मिळून करण्यासाठी झाला. तेव्हा आमच्या काही सूचना अशा.

१) गट ऑफिसचा शेतकी कर्मचारी आणि चिटबॉय यांच्याइतके सभासदाच्या बांधावर दुसरे कोणी जात नाही. फड पाहताना माणसाकडेही पाहावे. नेहमी बोलणारा गप्प झाला, लागवडीची नोंद द्यायला आलाच नाही, तर दोन मिनिटे थांबून विचारपूस करावी आणि गट ऑफिसात सांगावे.

२) विषारी औषधे घरात मोकळी ठेवू नयेत. कीटकनाशक, तणनाशक कुलपात ठेवावे आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असावी. मनात आलेला तो विचार पुष्कळदा घटकाभराचा असतो. त्या घटकेला हाताशी बाटली नसली तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अति विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या, हे सिद्ध झालेले आहे.

३) आपत्तीग्रस्त सभासदाला वसुलीची नोटीस पोस्टाने जाण्याआधी सोसायटीच्या एका पंचाने समक्ष जाऊन भेटावे. देणे बुडवावे असे आमचे म्हणणे नाही. पुनर्गठनाची वाट कोणती आहे, हप्ते कसे पडतील, हे तोंडाने समजावून सांगितले तर कागदाची धास्ती बसत नाही.

४) महिला बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर पाच मिनिटे "झोप येते का, घरात कसे आहे" याला द्यावीत. बाई बाईला सांगते ते डॉक्टरलाही सांगत नाही.

५) तोडणीला आलेल्या टोळ्यांतली जी कुटुंबे पूरग्रस्त गावांची आहेत, त्यांची मुकादमाकडून माहिती घ्यावी. कोप्यांची जागा उंचावर, ओढ्यापासून लांब द्यावी. ज्याने एकदा पाणी घरात शिरताना पाहिले, त्याला ओढ्याकाठी झोप यायची नाही. त्यांची मुले जवळच्या शाळेत बसतील असे पाहावे.

६) पुराला वर्ष भरेल त्या दिवशी गावाने एकत्र बसावे. भाषणे नकोत. गेलेल्यांची नावे घ्यावीत, एक अभंग म्हणावा, आणि ज्या घरात माणूस गेले त्या घरी संध्याकाळी शेजाऱ्यांनी जाऊन यावे.

यातले एकही काम पैशाचे नाही. पंचनाम्याचा कागद सरकारी असतो, त्यात नवा रकाना घालणे आपल्या हातात नाही. पण सभासदाच्या ओट्यावर बसून "झोप लागते का रे बाबा?" एवढे विचारायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. गळिताच्या धांदलीत हे मागे पडते, म्हणून मुद्दाम लिहिले. आपल्या गटात असा कोणी सभासद असेल तर हा अंक बाजूला ठेवावा आणि आधी त्याच्याकडे जाऊन यावे, ही विनंती.